आत कोणी नाही

आमच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या सरांच्या तासाला हजेरी देताना 'येस सर' चालत नसे. नंबर पुकारला की उभं राहायचं आणि म्हणायचं, "देह हजर." नवं पोरगं पहिल्या दिवशी "मी हजर आहे" म्हणायचं आणि फसायचं. ते चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत म्हणायचे, "तुझा देह मला दिसतो. तू कुठे आहेस ते दाखव." पोरगं छातीला हात लावायचं. "तो सदरा आहे." मग कपाळाला हात लावायचं. "ते कपाळ आहे." असं करता करता अर्धा तास जायचा, आणि पोरगं खाली बसायचं तेव्हा आपण आज कॉलेजात आलो की नाही याचीच त्याला शंका यायची.

डुलकी लागलेल्या पोराला ते सरळ गैरहजर मांडत. त्यामुळे एकाच बाकावरचा एकच पोरगा संस्कृतच्या रजिस्टरात हजर आणि मानसशास्त्राच्या रजिस्टरात गैरहजर निघायचा. हेडक्लार्क रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे यायचा, ते त्यालाही जागृती म्हणजे काय ते समजावून सांगायचे, आणि क्लार्क पुन्हा कधी यायचं नाही असं ठरवून परत जायचा. एकदा तर तापानं घरी पडलेल्या पोराला त्यांनी हजर मांडलं. कारण काय, तर तासभर त्यांच्या डोक्यात त्याचाच विचार घोळत होता.

मी माळ्याचा. आमच्या घरातलं माझ्याआधी शाळेत कोणी गेलं असेल, तर भाजीची पाटी घेऊन मास्तरांच्या घरच्या दारापर्यंत. हे मी लाजून सांगत नाही, आणि तुम्हीही दया येऊन ऐकू नका. बडनेऱ्याच्या वाटेवर आमचा मळा होता. थोरला भाऊ माझ्यापेक्षा हुशार, पण मोट कोणीतरी हाकायला पाहिजे होती, म्हणून त्यानं शाळा सोडली आणि मी शिकलो. माय देवीच्या देवळापाशी हार विकायची. मी बी.ए. होणार हे घरात ठरलेलं होतं, आणि नाही झालो तर काय, हा विचार आमच्याकडे कोणाला परवडत नव्हता.

सर अकोल्याचे. अकोल्याच्या उन्हात मेंदू शिजतो, असं स्टाफरूममध्ये त्यांच्या पाठीमागे बोलत. मूळ घराणं हिवरखेडकडचं, काळ्या जमिनीचं. शनिवारी दुपारच्या गाडीनं ते अकोल्याला जात आणि सोमवारी सकाळी परत येत. इंग्रजी असं बोलत की साहेबानं ऐकत राहावं. मराठी पुस्तकी. पण राग आला किंवा फार आनंद झाला, की थेट हिवरखेडात जाऊन पोचत.

तरुणपणी नागपुरात एका डॉक्टर मित्राच्या ओळखीनं त्यांनी मेलेल्या माणसाची कवटी उघडताना पाहिली होती. त्या एका दुपारवर त्यांचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. "आत कोणी नाई," ते सांगत. "म्या डोयानं पाह्यलं. दोन ओंजळी लोणी, बस." पाहणं, ऐकणं, आठवणं, रडणं, मी मी म्हणणं, हे सगळं त्या दोन ओंजळींत घडतं आणि तिथेच संपतं. यावर ते पंधरा वर्षं एक ग्रंथ लिहीत होते. कोटाच्या खिशात कायम अक्रोड असायचे. एक फोडून तो मेंदूसारखा कसा दिसतो ते वर्गाला दाखवायचे आणि शिकवता शिकवता खाऊन टाकायचे. कपाटात बरणीत बकऱ्याचा खराखुरा मेंदू होता. तो आणायला ते स्वतः खाटकाकडे गेले, तेव्हा गावात चर्चा झाली की प्रोफेसर बाटले. बाटण्यासाठी आत कोणीतरी असावं लागतं, असं त्यांनी उत्तर दिलं. ते कोणाला समजलं नाही म्हणून बरं झालं.

त्यांचा आवडता दृष्टान्त तारेचा. डोळा म्हणजे तारेचं एक टोक, शिरा म्हणजे खांबावरच्या तारा, मेंदू म्हणजे तार ऑफिस. पुस्तकात मज्जातंतू म्हणत, पण ते शिकवताना शीरच म्हणायचे. काही शिरा बाहेरची खबर आत आणतात, काही आतला हुकूम बाहेर नेतात, काही दोन्ही कामं करतात. एका वकिलाच्या पोरानं विचारलं, "सर, तार ऑफिसात तारमास्तर असतो, तो तार वाचतो. डोक्यातला तारमास्तर कोण?" सर म्हणाले, तारमास्तर नाही. तारच तार वाचते. पोरगं खाली बसलं, पण सरांना चैन पडेना. संध्याकाळी ते खऱ्या तार ऑफिसात गेले आणि तिथल्या तारमास्तराला विचारू लागले, की तुम्ही नसलात तर हे ऑफिस चालेल की नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, वरून चौकशी आली. तो म्हणाला, मी रजेवर गेलो तर बदली माणूस येतो, साहेब, काम अडत नाही. सर खूश होऊन परत आले. वर्गात म्हणाले, सिद्ध झालं. काय सिद्ध झालं ते आम्ही विचारलं नाही, परीक्षा जवळ होती.

त्यांचे पक्के वैरी म्हणजे संस्कृतचे शास्त्रीबुवा. शास्त्रीबुवा पुण्याचे, आणि वऱ्हाडी कानावर पडली की त्यांना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. आत्मा हृदयात अंगठ्याएवढा आहे, असं ते म्हणत. सर विचारत, कोणत्या अंगठ्याएवढा? हाताच्या की पायाच्या? एकदा हे भांडण एवढं पेटलं की मधल्या सुट्टीची घंटा दोघांनाही ऐकू आली नाही. तेव्हा ऐकणारा आत आहे की नाही, यावर दोघेही पुढे तासभर भांडले, आणि दोन वर्ग रिकामे बसून राहिले.

माझ्या मायची आणि त्यांची गाठ पडली ती मीच पाडली. देवळापाशी ते हार घ्यायला आले, देवासाठी नव्हे, कोणाच्या तरी सत्कारासाठी. मी ओळख करून दिली. माय शेजारणीशी तिच्या सुनेविषयी बोलत होती आणि बोटं आपली एकशेआठ फुलं ओवून बरोबर थांबत होती. सरांनी विचारलं, बाई, तुमचं लक्ष तर बोलण्यात आहे, मग मोजून कोण राहिलं? माय म्हणाली, बोटं. त्यांनी सांगितलं की बोटं नाही, मेंदू, आणि त्यात कोणी नसतं, मी उघडून पाहिलेलं आहे.

मायनं हार पानात बांधला आणि त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "कोणी नाई म्हनता, त मंग हे पाहाले कोन गेलतं, मास्तरसाहेब?"

सर हार घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले की काही प्रश्न मुळातच अशुद्ध असतात. पुढचे तीन तास त्यांनी त्या अशुद्ध प्रश्नाचं खंडन केलं. मी मान खाली घालून वहीत लिहून घेत होतो. माझ्या मायचा प्रश्न आहे हे बाकीच्यांना माहीत नव्हतं. मला तेव्हा जो अभिमान वाटला, तसा पुढे पदवीच्या कागदानंही वाटला नाही.

आता एका दोऱ्याविषयी सांगायला हवं. मायला लिहिता येत नव्हतं. रतिबाचे हार कोणत्या घरी कोणते द्यायचे ते ती दोऱ्यात गाठी मारून ठेवायची. एका गल्लीचा एक दोरा. एकेरी गाठ म्हणजे झेंडू, दुहेरी गाठ म्हणजे शेवंती, फास म्हणजे मिसळ, दोन्ही फुलांचा हार. दोरा बोटातून सरकवत ती गल्लीतून चालायची आणि कधी चुकायची नाही. आमच्या जातीत बहुतेक बाया असंच करत. मीही लहानपणी असेच हार पोचवलेले.

सरांनी डोक्यातल्या शिरांच्या बारा जोड्या पाठ करायला सांगितल्या, त्यांच्या कामांसकट. मला काही केल्या पाठ होईनात. तेव्हा मी मायच्या पद्धतीनं दोरा बांधला. खबर आणणारी शीर एकेरी गाठ, हुकूम नेणारी दुहेरी, दोन्ही करणारी फास. बारा शिरा, बारा गाठी. मळ्यातून कॉलेजात चालत येताना तो दोरा बोटात फिरवायचो. पंधरा दिवसांत सगळं पक्कं झालं.

टेस्ट परीक्षेच्या दिवशी दोरा मनगटाला तसाच राहिला. ही टेस्ट कॉलेजची असायची, आणि ती पास झाला तरच तुमचा फॉर्म विद्यापीठाकडे जायचा. मानसशास्त्राच्या पेपरात शिरांचा प्रश्न आला. देखरेखीला शास्त्रीबुवा होते. माझी बोटं मनगटावर फिरताना आणि ओठ हलताना त्यांनी पाहिलं. आधी त्यांना वाटलं जप चालला आहे, आणि माळ्याच्या पोरानं जप करावा की नाही याचा विचार करत ते जवळ आले. मग गाठी दिसल्या. त्यांनी दोरा काढून घेतला, पेपर काढून घेतला आणि मला प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीबाहेर उभं केलं.

शास्त्रीबुवांचं म्हणणं सरळ होतं. गाठी ही एक लिपी आहे, लिपी जवळ बाळगून उत्तर लिहिणं म्हणजे नक्कल, आणि नक्कल करणाऱ्याला कॉलेजातून काढतात. प्रिन्सिपॉलसाहेब मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, तू दोऱ्यावरून उत्तर लिहिलंस का?

खोटं बोलणं मला जमत नाही. आणि खरं काय ते मलाच माहीत नव्हतं. बोटं दोऱ्यावर गेली होती हे खरं. पण ती विचारून गेली नव्हती. मी बोटांवरून लिहिलं, की डोक्यातून लिहिलं आणि बोटं आपली सवयीनं चालली, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. मी म्हटलं, "माहीत नाही, साहेब."

शास्त्रीबुवा म्हणाले, "पाहा. स्वतः काय केलं हे स्वतःला माहीत नाही, असा मनुष्य असतो का कुठे?"

याच वेळी सरांना बोलावलं, कारण पेपर त्यांचा. मी काय बोललो ते ऐकून सरांना एवढा आनंद झाला की ते उभ्याउभ्या हिवरखेडात पोचले. "हेच म्या पंधरा वर्षं सांगून राह्यलो," ते म्हणाले. "करनाऱ्याले माहीतच नसते. आत कोणी असन त माहीत होईन ना." मग त्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं. बोट, शीर, मेंदू, पुन्हा शीर, पुन्हा बोट, ही एकच साखळी आहे. दोरा हा त्या साखळीचाच बाहेर आलेला तुकडा समजा. त्याला नक्कल म्हणाल, तर कानानं ऐकून लिहिणंही नक्कल. शास्त्रीबुवांनी विचारलं, मग उद्या मुलानं सगळं पुस्तकच मांडीवर घेतलं, तर तीही बाहेर आलेली शीर का? सरांनी यावर खरोखर विचार केला आणि म्हणाले, तत्त्वतः हो.

मी दाराशी उभा होतो. माझा फॉर्म टेबलावर होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. भाऊ त्या वेळी मोटेवर असेल. मला पहिल्यांदा सरांचा राग आला. त्यांना एक नमुना सापडला होता, आणि तो नमुना घरी परत जाईल तेव्हा काय सांगेल, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

शेवटी प्रिन्सिपॉलसाहेबांनीच विचारलं की हा दोरा वाचू शकेल असं दुसरं कोणी आहे का. मी म्हटलं, माझी माय. शास्त्रीबुवांनी अट घातली की तिला काही सांगायचं नाही, आणि मी डोळ्यानंही खूण करायची नाही. शिपाई देवळापाशी जाऊन तिला घेऊन आला. माय टोपली बाहेर ठेवून आत आली, पदर सावरला, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी वाईट घडलं आहे एवढं तिला कळलं. दोरा हातात दिला तेव्हा तिनं पहिला प्रश्न केला, हा कोणत्या गल्लीचा आहे?

प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, गल्लीचं नंतर बघू, तुम्ही वाचा.

सर माझा पेपर घेऊन बसले. माय दोरा बोटातून सरकवत सांगू लागली. झेंडू. झेंडू. शेवंती. शेवंती. मिसळ. शेवंती. मिसळ. प्रत्येक फुलाला सर पेपरावर बोट ठेवत आणि मान हलवत. शास्त्रीबुवांचा चेहरा उजळत चालला होता, कारण सगळं जुळत होतं. आठव्या गाठीला माय म्हणाली, झेंडू. सरांचं बोट थांबलं. पुढच्या चारही गाठी जुळल्या. सरांनी मायला आठवी गाठ पुन्हा बघायला सांगितलं.

"एकेरी हाय," माय म्हणाली. "झेंडूच हाय. म्या काय आजपासून हार करून राह्यली?"

आठवी शीर कानाची. ती फक्त खबर आणते. दोऱ्यात तशीच होती. पेपरात मी लिहिलं होतं की ती दोन्ही कामं करते. म्हणजे झेंडूच्या घरी मिसळ.

मग शास्त्रीबुवा म्हणाले की याला नक्कलही धड करता येत नाही. पण प्रिन्सिपॉलसाहेबांनी दोरा स्वतःच्या बोटात धरून पाहिला. म्हणाले, ज्याचं बोट या गाठीवर आहे आणि जो त्यावरूनच लिहितो आहे, तो इथे चुकणार नाही. चुकला, त्या अर्थी त्यानं डोक्यातून लिहिलं. मी बरोबर आलेल्या अकरा शिरांमुळे वाचलो नाही, चुकलेल्या एका शिरेमुळे वाचत होतो. शाळेत पहिला नंबर कधी न सोडलेल्या माणसाला हे गिळायला जड जातं.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना लेखी अभिप्राय मागितला. उत्तर परीक्षार्थ्याचं स्वतःचं आहे आणि चूकही त्याची स्वतःचीच आहे, एवढं लिहा आणि सही करा, मी फॉर्म पाठवतो. सरांनी टाक उचलला आणि थांबले. म्हणाले, चूक मेंदूत घडली, असं लिहितो.

"मेंदूचा फॉर्म मला पाठवता येत नाही," प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. "माणसाचा पाठवायचा आहे."

सर टाक हातात धरून बसले. शास्त्रीबुवा खुर्चीत पुढे सरकले. एवढे दिवस ज्या वाक्यासाठी ते भांडत होते, ते वाक्य आता सरांच्या हातानं, शाईनं, सहीसकट कागदावर उतरणार होतं, आणि त्यासाठी मी सुटलो तरी त्यांची आता तक्रार नव्हती. सर काही लिहीनात. टाकातून शाईचा एक थेंब टीपकागदावर पडला. माय कोपऱ्यात उभी राहून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती.

मग सरांनी मान वर केली आणि मला विचारलं, "ही चूक दोऱ्याची नाई. बोटाची नाई. मंग कोनाची?"

मेंदूची म्हटलं असतं तर त्यांचा ग्रंथ वाचला असता. एवढं ओळखण्याइतकं मी त्यांच्याकडे शिकलो होतो. पण ती चूक करताना मी तिथे होतो. कानाची शीर बाहेर हुकूम कसला नेणार, असा विचार माझ्या मनात आला होता, आणि तो खोडून मी घाईनं पुढे गेलो होतो. बोटांचं मला माहीत नव्हतं. हे मला माहीत होतं.

"माही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी वर्गात आल्याचं त्यांना त्या दिवशीच समजलं. मग लिहिलं, जसं सांगितलं तसंच लिहिलं, आणि सही केली. शास्त्रीबुवांनी कागद दोनदा वाचला. तो त्यांना नक्कल करून हवा होता, पण प्रिन्सिपॉलसाहेबांनी तो फाइलीत बंद केला.

बाहेर आल्यावर मायनं टोपली उचलली. सगळं ऐकून तिला एकाच गोष्टीचा राग होता. दोऱ्यात झेंडू असताना मी मिसळ टाकलीच कशी? वाटेभर ती तेच म्हणत होती. तिच्या धंद्यात अशी चूक झाली तर रतिबाचं घर तुटतं.

पुढे मी बी.ए. झालो. थर्ड क्लास, पण झालो. त्याआधी टेस्टचा पेपर परत घ्यायला मी सरांच्या खोलीवर गेलो. आठव्या शिरेला लाल रेघ होती आणि दोन मार्क कापले होते. पेपर देताना त्यांनी तो लगेच सोडला नाही.

"दोन कापले," ते म्हणाले.

"कापाच लागतीन, सर. चूक माही हाय."

त्यांनी पेपर सोडला. खिडकीबाहेर पोरं हॉकी खेळत होती, तिकडे ते बराच वेळ बघत राहिले. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आले आणि कोणी ऐकत नाही ना ते पाहून हळूच म्हणाले, "हे 'माही' वर्गात बोलू नको. पोट्टे मंग मले शिकवू देनार नाईत."